दोन कलांच्या मधली जागा आणि तिचा हिशेब

साहित्य आणि इतर कलांना एकत्र आणणारी छोटी, ना-नफा संस्था चालवताना भांडणं कलेवरून क्वचित होतात. ती होतात फायलींवरून, तारखांवरून, नावांच्या क्रमावरून आणि मानधनावरून. कवीला आपलं काम ठाऊक असतं, चित्रकाराला आपलं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आपलं. पण कविता चित्रात शिरते किंवा चित्र मंचावर जातं, तेव्हा मधलं काम कुणाचं, त्याचे पैसे कुणाला आणि ते बिघडलं तर निस्तरायचं कुणी, हे आधीपासून कुणीच ठरवलेलं नसतं. आमचा बहुतेक वेळ या मधल्या जागेतच जातो. वर्षाला एक छापील अंक, त्याला जोडून प्रयोग आणि प्रदर्शन, शिवाय दोन वेगळ्या कलांतल्या माणसांनी मिळून केलेलं नवं काम, असं आमचं चक्र आहे. ते ज्या क्रमाने फिरतं, त्याच क्रमाने लिहीत आहोत.

सुरुवात कार्यकारिणीपासून. संख्या विषम ठेवावी, ५ किंवा ७. त्याहून मोठ्या कार्यकारिणीची गणपूर्ती होत नाही आणि त्याहून लहान असली की एक माणूस गावाला गेला तरी निर्णय अडतात. मुदत ३ वर्षांची असावी, पण सगळ्यांची एकदम संपू नये. दरवर्षी एक-दोन जागा बदलल्या तर जुनं ठाऊक असलेलं कुणीतरी कायम खोलीत राहतं. कलासंस्थेत खरी अडचण वेगळीच असते. कार्यकारिणीत बहुतेक जण स्वतः लिहिणारे किंवा चित्रं काढणारे असतात आणि प्रत्येकाला आपलं काम अंकात हवं असतं. उघडपणे कुणी म्हणत नाही, पण निवडीच्या बैठकीत ते जाणवतं. म्हणून निवड समिती वेगळी आणि पैशांचे निर्णय घेणारी कार्यकारिणी वेगळी, अशी विभागणी घटनेतच लिहून ठेवावी. कार्यकारिणीत असेपर्यंत त्या व्यक्तीचं काम अंकात येणार नाही आणि तिला संस्थेकडून कलाकार म्हणून मानधन मिळणार नाही, हा नियम कठोर वाटतो. पण तो नसला की दुसऱ्या-तिसऱ्या अंकानंतर बाहेरचे लोक काम पाठवणं थांबवतात. घरचंच कार्य आहे, आपलं तिथे काय काम, असं त्यांना वाटू लागतं.

बैठकीचं इतिवृत्त लांबलचक नको. प्रत्येक ठरावात काय करायचं, किती रकमेपर्यंत, कुणी आणि कोणत्या तारखेआधी, हे चार मुद्दे असले की पुरे. ‘छपाईबाबत सकारात्मक चर्चा झाली’ या वाक्यावर पुढे कुणालाच बिल चुकतं करता येत नाही. धनादेशावर किंवा ऑनलाइन व्यवहारावर दोन सह्या असाव्यात, आणि सही करणारे दोघं एकाच घरातले नसावेत.

पैशांबद्दल बोलायचं तर ब्लॅक माउंटन कॉलेजचं उदाहरण आम्ही नव्या सभासदांना हमखास सांगतो. १९३३ ते १९५७ इतकंच आयुष्य लाभलेली अमेरिकेतली ही संस्था. संगीतकार जॉन केज, नर्तक मर्स कनिंगहॅम, चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग असे लोक तिथे एकमेकांच्या कामात शिरले. संस्था शिक्षकांच्याच मालकीची होती, बाहेरच्या विश्वस्तांचा दाब नव्हता, आणि त्याच कारणाने पाठीशी कायम निधीही नव्हता. अखेरीस ती कर्जात बुडून बंद पडली. स्वातंत्र्य आणि गंगाजळी यांत एकाचीच निवड करता येते, असा समज कलावंतांमध्ये फार पसरलेला आहे. आमचा अनुभव उलटा आहे. हाताशी सहा महिन्यांचा चालू खर्च असेल, तर नको त्या अटींचं अनुदान नाकारता येतं. तीन महिन्यांचा असेल, तर निदान विचार करायला वेळ मिळतो. काहीच नसेल, तर देणगीदार सांगेल त्या विषयावर अंक काढावा लागतो.

हिशेबात पहिल्या दिवसापासून दोन रकाने वेगळे ठेवायचे: विशिष्ट कामासाठीच मिळालेला पैसा आणि कशासाठीही वापरता येणारा पैसा. बँक खातं एकच असलं तरी चालतं, खतावणी मात्र वेगळी हवी. छोट्या संस्था बुडतात त्या बहुधा इथेच. खात्यात शिल्लक दिसते म्हणून सभागृहाचं भाडं भरलं जातं. ती शिल्लक असते पुढच्या तिमाहीतल्या कार्यशाळेसाठी आलेल्या अनुदानाची. कार्यशाळेची वेळ येते तेव्हा पैसा गेलेला असतो, आणि विनियोग प्रमाणपत्रावर (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सही करायला लेखापरीक्षक तयार होत नाही. यात कुणी चोरी केलेली नसते, पण कागदावर ती अफरातफरच दिसते.

अंदाजपत्रक आम्ही मानधनापासून लिहायला घेतो. छपाई, भाडं, प्रवास हे आकडे आधी मांडले की मानधनाला उरलंसुरलं येतं, आणि ज्यांच्या कामावर संस्था उभी आहे तेच शेवटच्या ओळीत जातात. मानधन ठरलं की मग अंकाची पानं, प्रती आणि कार्यक्रमाची लांबी त्यात बसवायची. एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम आकस्मिक खर्चासाठी ठेवावी, आणि तिला हात लावायचा तर कार्यकारिणीचा ठराव लागावा. कार्यालयीन खर्चही स्पष्ट दाखवावा. अनुदान देणाऱ्याला संस्था काटकसरी वाटावी म्हणून तो शून्य दाखवण्याची रीत आहे, पण मग वीज, इंटरनेट, टपाल आणि हिशेबनिसाचे पैसे कुणाच्या तरी खिशातून जातात. ते खिसे हळूहळू संस्थेपासून दूर होतात.

अंदाजपत्रक जमलं तरी रोकड वेळेवर असेलच असं नाही. अनुदान हप्त्यांनी येतं, आणि शेवटचा हप्ता बहुधा अहवाल दिल्यावर. छापखाना मात्र निम्मी रक्कम आधी मागतो आणि उरलेली प्रती उचलताना. म्हणून बारा महिन्यांचा एक साधा तक्ता करावा. आडव्या ओळीत महिने, खाली येणारी रक्कम, जाणारी रक्कम आणि महिनाअखेरची शिल्लक. ज्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते, तो महिना चार महिने आधी दिसला पाहिजे. तसं झालं तर कार्यक्रम पुढे ढकलता येतो किंवा अंक दोन फॉर्मनी (म्हणजे १६-१६ पानांच्या दोन छापील घड्यांनी) कमी करता येतो. ऐन वेळी कळलं, तर फक्त कलाकारांचं मानधन थकवता येतं, कारण छापखाना आणि सभागृह थांबत नाहीत.

आता आवाहन. काम मागवण्याची मुदत सहा आठवडे पुरते. त्याहून जास्त दिली तरी बहुतेक प्रवेशिका शेवटच्या तीन दिवसांतच येतात. आवाहनात विषयावर सुंदर गद्य कमी आणि अटी जास्त असाव्यात: शब्दमर्यादा, चित्रांची संख्या, ध्वनी किंवा दृश्यफितीची कमाल मिनिटं, फाइलचा प्रकार, मानधन किती आणि केव्हा, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत, हक्क कुणाकडे. मानधनाचा आकडा आवाहनातच छापावा. ‘योग्य मानधन दिले जाईल’ या शब्दांवर कुणी विश्वास ठेवू नये. हेच काम दुसरीकडे पाठवलं तर चालेल का, हेही लिहावं. आमच्याकडे चालतं, फक्त तिकडे स्वीकारलं गेलं तर लगेच कळवावं लागतं.

प्रवेशिका किती येतील यापेक्षा त्या वाचणार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा. समजा ३०० आल्या, प्रत्येक दोघांनी वाचायची आणि एकीला सरासरी दहा मिनिटं लागतात. म्हणजे १०० तास. पाच वाचक असतील तर प्रत्येकाला २० तास, तेही नोकरी सांभाळून. हा हिशेब न करता आवाहन काढलं की उत्तराची तारीख हुकते, आणि ती हुकली की पुढच्या वर्षी चांगल्या प्रवेशिका येत नाहीत. वाचकांनाही मानधन द्यावं. थोडं का होईना, ते दिलं की तारखेची आठवण करून देण्याचा अधिकार मिळतो.

निवड करताना कथा-कवितांवरची नावं झाकता येतात. चित्रं, नृत्य, आवाज यांत माणूस ओळखू येतोच, तिथे नाव झाकण्याचं नाटक करण्यापेक्षा ओळखीच्या व्यक्तीचं काम आलं तर त्या वाचकाने बाजूला व्हावं, हे बरं. दहापैकी गुण देण्याची पद्धत आम्ही सोडली. कविता जाणणारा चित्राला सरसकट सात देतो, चित्र जाणणारा कवितेला सरसकट सहा, आणि बेरीज केली की सगळं मधोमध गोळा होतं. त्याऐवजी ‘हवं’, ‘नको’, ‘बोलायला हवं’ अशा तीनच खुणा आणि सोबत एक वाक्य कारण. दोघांचं ‘हवं’ आलं तर काम निवडलं, दोघांचं ‘नको’ आलं तर नाही. मतभेद झाला किंवा ‘बोलायला हवं’ आलं, तर काम तिसऱ्याकडे जातं, आणि तो तिसरा शक्यतो दुसऱ्या कलेतला असावा. अंकातलं सर्वांत जिवंत काम याच तिसऱ्या गठ्ठ्यातून येतं.

जोड्या लावणं हा नाजूक भाग. कवी आणि संगीतकार, कथाकार आणि छायाचित्रकार, अनुवादक आणि नर्तक यांना एकत्र बसवताना एक पानाचं टिपण दोघांना द्यावं. काय बनायला हवं, किती लांबीचं, केव्हापर्यंत, कुठे दाखवलं जाईल, पैसे किती, आणि पटलं नाही तर बाहेर कसं पडायचं. हा शेवटचा मुद्दा लिहायला लोक कचरतात, कारण शुभकार्याआधी काडीमोडाचं बोलल्यासारखं वाटतं. पण न पटणाऱ्या जोड्या असतातच. पहिला टप्पा झाल्यावर दोघांपैकी कुणीही कारण न देता थांबू शकतं, तोवरचं मानधन मिळतं आणि आपापला भाग आपापल्याकडे राहतो, एवढं कलम असलं की पुष्कळ कटुता टळते.

मानधन दोघांना सारखं द्यायचं का? वरवर पाहता हो. पण कवीची कविता अनेकदा तयार असते, आणि संगीतकाराला रचना, तालीम, वादक, ध्वनिमुद्रण हे सगळं शून्यापासून करायचं असतं. आम्ही मानधनाचे दोन तुकडे करतो: कृतीचं मानधन दोघांना समान, आणि वेळेचं मानधन तालमीच्या तासांवर. साहित्य-सामग्रीचा खर्च मानधनात धरायचा नाही, तो पावतीवर वेगळा. रंग, कागद, तारा, स्टुडिओचे तास हे मानधनातून गेले तर चित्रकाराच्या हाती कवीपेक्षा कमी पडतं, आणि ही गोष्ट कवीच्या लक्षातही येत नाही. रक्कम तीन भागांत द्यावी. करारावर सही झाली की पहिला, मधला खर्डा दाखवला की दुसरा, काम हाती आलं की तिसरा. शेवटचा भाग प्रयोगानंतर देऊ नये. प्रयोग रद्द होण्यात कलाकाराचा दोष नसतो.

हक्कांबाबत सविस्तर लिहायला हवं, कारण इथे ‘आपल्यातलेच आहेत’ म्हणून सगळं तोंडी ठरतं. लेखकांच्या हक्कांबाबतच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८च्या दुरुस्तीने आलेलं तत्त्व असं की लेखकाचा हक्क कृती जन्मताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. या कराराच्या कलम ६ (दुसरे, म्हणजे ६ bis) मध्ये नैतिक हक्कही आहेत: कृतीवर आपलं नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा. आर्थिक हक्क विकले तरी हे हक्क लेखकाकडे राहतात. एका कलेतून दुसऱ्या कलेत नेताना नेमकी मोडतोडच होत असते. नर्तक कवितेच्या चार ओळी गाळतो, दृश्यकार चित्राचा एक कोपरा मोठा करतो, संगीतकार ओळ तीनदा म्हणतो. म्हणून करारात नुसतं ‘वापराची परवानगी’ लिहून भागत नाही. गाळणं, क्रम बदलणं, पुनरुक्ती, कापणं, रंग बदलणं यांपैकी कशाला मान्यता आहे आणि कशाआधी विचारावं लागेल, हे नावानिशी लिहावं.

शिवाय एका कृतीत हक्क किती थरांचे असतात ते मोजावं. गायलेल्या कवितेच्या ध्वनिमुद्रणात शब्द, चाल, गायन आणि मुद्रण असे वेगवेगळे धनी असतात. अनुवादित कवितेत मूळ कवी आणि अनुवादक. चित्राच्या छायाचित्रात चित्रकार, आणि अनेकदा छायाचित्रकारही. शिल्प घेतलं म्हणजे त्याचं चित्रण इंटरनेटच्या जाळ्यावर टाकण्याची परवानगी घेतली असं होत नाही. आम्ही प्रत्येक कृतीसाठी एक ओळ असलेला तक्ता ठेवतो. पुढचे रकाने असे: छापील अंक, मंचावर सादरीकरण, ध्वनिमुद्रण, जाळ्यावर ठेवणं, संग्रहात ठेवणं, जाहिरातीत तुकडा वापरणं. प्रत्येक रकान्यात हो किंवा नाही, आणि किती काळासाठी. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’. संस्थेने मागावं ते पहिल्या प्रकाशनाचा हक्क आणि संग्रहात ठेवण्याची कायम परवानगी, बाकी सगळं कलाकाराकडे राहू द्यावं. सर्व हक्क मागणारी छोटी संस्था त्या हक्कांचं पुढे काही करत नाही, फक्त कलाकाराची वाट अडवते.

इतरांनी कृती कोणत्या अटींवर वापरावी हे आधीच जाहीर करणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२पासून आहेत आणि आता त्यांचे सहा मुख्य प्रकार आहेत. कलाकार घाईत यातला सर्वांत बंदिस्त प्रकार निवडतात, कारण तो सुरक्षित वाटतो. पण ज्या परवान्यात रूपांतराला मनाई आहे, त्या परवान्याखालची कविता आपला अनुवादक किंवा नर्तक वेगळ्या परवानगीशिवाय घेऊ शकत नाही. संस्थेचं काम ज्या गोष्टीवर उभं आहे, तीच बंद होते. परवाना परत घेता येत नाही, हेही सही करण्याआधी सांगायला हवं.

छपाईकडे येऊ. पुस्तकाची पानं १६-१६च्या फॉर्ममध्ये छापली जातात, तेव्हा १२८ पानं म्हणजे आठ फॉर्म. १३२ झाली की चार पानांसाठी वेगळा तुकडा बांधावा लागतो आणि तो तुलनेने महाग पडतो. बहुकला अंकात खरा प्रश्न रंगीत पानांचा असतो. सगळा अंक रंगीत परवडत नाही, म्हणून एखादा फॉर्म रंगीत छापायचा. इथे संपादक आणि मांडणीकार यांच्यात जुंपते. कवितेसमोर तिचं चित्र हवं, पण चित्राची जागा फॉर्म ठरवतो. १६ पानांच्या नेहमीच्या घडीत कागदाच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पानं येतात आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. दुसरीच बाजू रंगीत केली तर २-३, ६-७, १०-११, १४-१५ अशी समोरासमोरची चार जोडपानं रंगीत मिळतात आणि मधली काळी-पांढरी. म्हणजे निम्म्या रंगात कविता-चित्राच्या चार जोड्या अगदी समोरासमोर बसतात. पण हे क्रम लावण्याआधी ठरलं पाहिजे. घडी कशी घालणार हे छापखान्याला विचारून एका कागदाला तशाच घड्या घालाव्यात, त्यावर पेन्सिलीने आकडे टाकावेत, आणि मगच अनुक्रमणिका करावी. ८-९ हे फॉर्ममधलं मधलं जोडपान एकाच सलग कागदावर येतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र ठेवायचं तर तिथेच, पण ते पहिल्या बाजूला असल्याने वरच्या मांडणीत काळं-पांढरंच येईल.

चिकट बांधणीत पानं पूर्ण उघडत नाहीत. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला चेहरा किंवा अक्षर कण्याजवळच्या (पानं बांधलेल्या बाजूजवळच्या) ८ ते १० मिलिमीटरमध्ये येऊ देऊ नये. कण्याची जाडी पानांच्या निम्म्या संख्येला कागदाच्या जाडीने गुणून निघते. १२८ पानं म्हणजे ६४ कागद. कागद ०.१० मिलिमीटरचा असेल तर कणा ६.४, आणि ०.१२चा असेल तर जवळजवळ ७.७. ऐन वेळी कागद बदलला आणि मुखपृष्ठाची फाइल तीच राहिली, की कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठाच्या कडेवर येतं. कागद पक्का झाल्याशिवाय मुखपृष्ठ पक्कं करू नये.

चित्रांची फाइल प्रत्यक्ष छापण्याच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवी. ए५ आकाराचं पान १४८ बाय २१० मिलिमीटर. कडेपर्यंत चित्र न्यायचं तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा, म्हणजे १५४ बाय २१६, म्हणजे साधारण १८१९ बाय २५५१ पिक्सेल. कलाकाराला ‘मोठी फाइल पाठवा’ असं न सांगता हे आकडे द्यावेत. निरोपाच्या ॲपवरून पाठवलेलं चित्र वाटेत आकसतं, ते छापायच्या कामाचं नसतं. पडद्यावरचे झगझगीत हिरवे, निळे आणि केशरी रंग चार शाईंच्या छपाईत मंदावतात, त्यामुळे चित्रकाराला कागदावरचा नमुना दाखवून सही घ्यावी. पडद्यावरच्या मंजुरीला अर्थ नाही. मजकुराची काळी शाई मात्र नुसती काळीच हवी. ती चार रंगांच्या मिश्रणातून आली, तर छपाईचा पत्रा केसभर सरकला तरी बारीक अक्षराला रंगीत सावली पडते.

देवनागरीचा जाच वेगळा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. रूपांतर झाल्यावर हे तीन शोध आधी घ्यावेत, मग मुद्रितशोधन. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावला नसेल तर जोडाक्षरं फुटतात. कवितेत ओळ कुठे मोडते हा कवीचा निर्णय असतो, मांडणीचा नाही. पानाच्या रुंदीत न मावणाऱ्या ओळी आधीच शोधून कवीला विचारावं. मुद्रितं दोनदा पाहावीत, आणि दुसऱ्यांदा पाहणारा माणूस वेगळा असावा. दृश्य-कवितांचं मुद्रित चित्रकारानेही पाहावं, कारण तिथे मोकळी जागाही मजकूरच असते.

ओळखक्रमांकांचं थोडक्यात. पुस्तक असेल तर आयएसबीएन, जो २००७पासून १३ अंकी आहे, आणि कागदी व ई-आवृत्तीला वेगळा. नियतकालिक असेल तर आठ स्थानांचा आयएसएसएन, तोही छापील आणि जाळ्यावरच्या रूपाला वेगळा. शेवटच्या जागी एक्स आला तर ती चूक नाही.

अंकाचं मंचावर रूपांतर होतं तेव्हा घड्याळ हाती घ्यावं लागतं. छापील एक पान मोठ्याने वाचायला साधारण दोन मिनिटं, हे सगळे धरतात. दोन सादरीकरणांच्या मधला वेळ कुणीच धरत नाही. आठ सादरीकरणं आणि प्रत्येकामागे चार मिनिटं माईक-खुर्ची-प्रकाश बदलायला, म्हणजे अर्धा तास हवेतच जातो. म्हणून क्रम लावताना कलात्मक चढ-उताराइतकाच सामानाचा विचार करावा: एकाच मांडणीची कामं शेजारी, आणि मोठ्या बदलाआधी रंगमंचाच्या पुढच्या भागात उभं राहून करायचं वाचन. कवींना माईकसमोर एकदा तरी वाचायला लावावंच. ‘मला तालीम लागत नाही’ म्हणणारा कवी हमखास कागद माईकवर आपटतो.

पडद्यावर मजकूर दाखवायचा तर एका वेळी सहा ओळींहून जास्त नको, आणि ओळींत अंतर सढळ, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. प्रोजेक्टर कुठे ठेवायचा ते मोजून ठरतं. त्याचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल आणि चित्र ३ मीटर रुंद हवं असेल, तर तो साडेचार मीटरवर लागेल. सभागृहात तेवढं अंतर आहे का, मध्ये खांब येतो का, हे भाडं भरण्याआधी पाहावं. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. तंत्राने दगा द्यावा ही काही नवी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९६६मध्ये न्यू यॉर्कला दहा कलावंत आणि बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे सुमारे तीस अभियंते यांनी मिळून नऊ संध्याकाळींचे प्रयोग केले, आणि जगातले उत्तम अभियंते हाताशी असूनही यंत्रांनी त्यांना छळलंच. म्हणून प्रत्येक सादरीकरणाचं वीज नसताना, पडदा नसताना होऊ शकणारं एक रूप कलाकाराकडून आधीच लिहून घ्यावं.

प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवला की बहुतेकांच्या डोळ्यांना बरा पडतो. शब्दांची कामं थोडी खाली, कारण ती वाचायला लोक वाकतात. कागदावरच्या जलरंगांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश हवा. प्रयोगाचे मंचदिवे त्याच खोलीत असतील तर ती चित्रं झाकण्याची व्यवस्था लागते, आणि त्या कामाला माणूस नेमावा लागतो. चित्र ताब्यात घेताना आणि परत देताना पुढून-मागून छायाचित्रं, असलेल्या डागा-ओरखड्यांची नोंद, दोघांच्या सह्या. विमा कलाकाराच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून ते परत तिथे पोचेपर्यंतचा असावा. नुसत्या सभागृहातल्या दिवसांचा विमा स्वस्त असतो, पण चित्रं फाटतात ती गाडीत.

विक्रीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विक्रेता मोठी सूट घेतो, उरलेल्या प्रती परत करतो, त्यातल्या काही मळलेल्या असतात. प्रती मागणीपेक्षा कमीच छापाव्यात. पुन्हा छापता येतात, पण न खपलेल्या प्रती ठेवायला खोली लागते आणि तिचं भाडं चालू राहतं. कलाकाराला किती प्रती फुकट द्यायच्या ते करारात लिहावं आणि त्या विक्रीला जाण्याआधी पाठवाव्यात.

कार्यक्रम संपला की संग्रहाचं काम त्याच आठवड्यात उरकावं, नंतर कुणी फायली देत नाही. चित्रं टिफ, मजकूर पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफ) आणि सोबत साधा युनिकोड, आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फायलीत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या इमारतीत. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग कलाकार, मग कृती. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरोखर अंतिम’ अशी नावं नकोत. हक्कांचा तक्ता आणि करारही त्याच फोल्डरमध्ये, कारण कृती सापडली आणि परवानगी सापडली नाही तर ती कृती वापरता येत नाही. मांडणशिल्पं आणि प्रयोग साठवता येत नाहीत. त्यांची मापं, सामानाची यादी, प्रकाशाचा आराखडा आणि कलाकाराने सांगितलेली पुनर्मांडणीची अट लिहून ठेवावी.

अहवाल देताना अनुदान देणाऱ्याला प्रेक्षकसंख्या हवी असते. ती मोजावीच, दारात उभं राहून, अंदाजाने नव्हे. पण त्याखाली मानधनाचा तक्ताही जोडावा: किती जणांना, कोणत्या कलेतल्या, केव्हा पोचलं. शेवटच्या व्हाउचरवर सही झाल्याशिवाय पुढच्या अंकाचं आवाहन काढायचं नाही, असा आमच्याकडे ठराव आहे, आणि कोषाध्यक्षांना त्या एका बाबतीत संपादकांपेक्षा जास्त अधिकार आहेत.